अडतीस बघे आले कुठून?

किटी जेनोविझची गोष्ट सांगितली की मानसशास्त्राचा वर्ग चिडीचूप होतो. १३ मार्च १९६४ची पहाट, न्यूयॉर्कची क्यू गार्डन्स वस्ती. एका तरुणीला भोसकलं जात होतं आणि ३८ शेजारी अर्धा तास खिडकीतून बघत होते. पोलिसांना कुणीही कळवलं नाही.

यातला खून खरा, ३८ बघे खोटे.

हा आकडा पोलीस आयुक्तांनी जेवता जेवता ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संपादकाच्या कानावर घातला आणि खुनानंतर दोन आठवड्यांनी तो पहिल्या पानावर झळकला. प्रत्यक्षात पहिल्या वारानंतर एका शेजाऱ्यानं खिडकीतून दरडावलं, तेव्हा हल्लेखोर पळाला. तो परत आला तो इमारतीच्या मागच्या जिन्यात. तिथलं बहुतेक खिडक्यांतून दिसणारच नव्हतं. दार किलकिलं करून पुन्हा लावून घेणारा एक शेजारी होता, हेही खरं. पण त्याच जिन्यात शेजारच्या सोफिया फरार धावत गेल्या आणि किटीला कवटाळून बसल्या. २०१६मध्ये खुन्याच्या मृत्यूची बातमी देताना त्या वृत्तपत्रानं आपली मूळ बातमी सदोष असल्याचं मान्य केलं. पाठ्यपुस्तकं मात्र अजून १९६४मध्येच आहेत.

पूर्वपक्ष म्हणेल, गोष्ट चुकली असेल, पण बघे जास्त तितकी मदतीची शक्यता कमी, हा सिद्धान्त प्रयोगानं ठरला आहे ना? मानसशास्त्रज्ञ डार्ली आणि लाताने यांचा १९६८चा प्रयोग मलाही मान्य आहे. इंटरकॉमवर कुणाला तरी झटका आल्याचं ऐकून, आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के वेळेत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी अवघे ३१ टक्के. पण ही माणसं वेगवेगळ्या खोल्यांत एकेकटी बसवलेली होती, एकमेकांचे चेहरेही त्यांना दिसत नव्हते. शिवाय मोजली गेली ती एकेकाची शक्यता. रस्त्यावर पडलेल्याला कोण उठला याच्याशी कर्तव्य नसतं, कुणीतरी उठलं म्हणजे झालं! ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासणाऱ्या २०१९च्या अभ्यासात दहापैकी नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं, आणि माणसं जास्त तितकी ही शक्यताही जास्त होती.

म्हणजे गर्दी ही मदतही असते. पण ३८ बघ्यांवर पोसलेल्या विषयानं माणसं मध्ये का पडत नाहीत हेच वर्षानुवर्षं विचारलं. पडतात ती कशी, हे फार उशिरा.

किटीची गोष्ट वर्गातून काढा असं माझं म्हणणं नाही. पुढच्या आवृत्तीत ती जरूर ठेवा. ३८ हा आकडा छापला कसा गेला ते लिहा आणि सोफिया फरार यांचं नाव घाला.