सेवा म्हणजे केवळ विश्रांती नव्हे

बदली ही बँकेच्या नोकरीची अटळ सोबतीण आहे. पुण्याहून वा नागपूरहून लखनौला बदलून आलेला अधिकारी इंदिरा नगरसारख्या वसाहतीत बिऱ्हाड थाटतो आणि यथावकाश वृद्ध आईवडिलांनाही तेथे आणतो. गावी देवळापर्यंत, भाजीबाजारापर्यंत सहज फिरणारी आई परक्या शहरात खुर्चीला खिळते. रस्ते अनोळखी, बोलीही निराळी. पौष-माघातील धुके आणि गारठा तर रजईबाहेर पडूच देत नाही. मुलगा-सून पाण्याचा पेलाही हातात आणून देतात. हेतू निर्मळ असतो. परंतु अशा सेवेतून एक धोका नकळत वाढत असतो. तो म्हणजे पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा.

पायांतील रक्त हृदयाकडे वर चढवण्याच्या कामी पोटरीच्या स्नायूंचा मोठा वाटा असतो. माणूस चालतो तेव्हा हे स्नायू आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतात. तासन् तास बसून राहिल्यास प्रवाह मंदावतो. प्रवाहातील मंदता, रक्तवाहिनीच्या अस्तरास झालेली इजा आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली प्रवृत्ती ही गुठळीची तीन कारणे जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिर्शो यांच्या नावाने ओळखली जातात. त्यांचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो. पायातील गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर ती प्राणघातक ठरू शकते.

हे केवळ पुस्तकी भय नव्हे. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना आश्रयस्थानांत खुर्च्यांवर बसून रात्री काढणाऱ्यांमध्ये असे मृत्यू वाढल्याचे डॉ. कीथ सिम्प्सन यांनी नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो, मग तो विमानाचा असो वा रेल्वेचा. निरोगी माणसाच्या बाबतीत तो दुपटीनंतरही अल्पच असतो. परंतु वाढते वय, स्थूलता, कर्करोग, पूर्वीची गुठळी किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांची भर पडल्यास हिशेब बदलतो. लखनौ-मुंबई पुष्पक एक्स्प्रेसचा प्रवास सुमारे एक अहोरात्र चालतो. त्या काळात स्वच्छतागृहाला जावे लागू नये म्हणून पाणीच न पिणाऱ्या माता घरोघरी आहेत. त्यांना वेळोवेळी घोट-घोट पाणी देणे, जागेवरच घोटे व पावले हलवायला लावणे आणि आधार देऊन डब्यात चार पावले चालवणे हे मुलांचे कर्तव्य आहे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

‘चालताना पडल्या तर?’ ही शंका रास्त आहे. खुब्याचे हाड मोडले तर गुठळीचा धोका अधिकच वाढतो. परंतु त्यावरचा उपाय बसवून ठेवणे हा नसून पकडीची चप्पल, हाताशी काठी, पुरेसा उजेड आणि सोबतीला घरचे माणूस हा आहे. रुग्णालयातून घरी परतल्यानंतरचे पहिले तीन महिने विशेष जपावे. रक्त पातळ करणारे औषध दिलेले असेल तर ते स्वतःहून बंद करू नये. दिलेले नसेल तर शेजाऱ्याच्या सल्ल्याने ॲस्पिरिनही सुरू करू नये.

आपल्याकडे पाय चेपणे ही मातृपितृसेवेची परमावधी मानली जाते. मात्र एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला किंवा गरम लागला, तर तेल चोळण्याचा मोह आवरावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा शुद्ध हरपली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

सत्तरी ओलांडलेल्या ग्राहकांना घरपोच बँकिंग सेवा देण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी केली. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती मोठा दिलासा आहे. परंतु ज्यांचे पाय अद्याप साथ देतात, त्यांच्यासाठी पासबुक भरून घेण्याच्या निमित्ताने शाखेपर्यंत मारलेली फेरी हेही एक औषधच आहे. तेथे बसायला खुर्ची देणे हे कर्मचाऱ्यांचे काम. घरातल्या खुर्चीतून उठवून हात धरणे हे मुलांचे. आईवडिलांनी आपल्याला चालायला शिकवले. उतारवयात त्यांचे चालणे थांबू न देणे, ही त्या ऋणाची परतफेड होय.