होळीची गाठी: साखर किती, रंग कोणता?

होळी जवळ आली की यवतमाळच्या बाजारात साखरेच्या गाठ्यांच्या माळा दिसू लागतात. विदर्भात त्या लहान मुलांच्या गळ्यात घालतात. इतरत्र गुढीपाडव्याला गुढीला बांधतात.

साखरेचा घट्ट पाक दोरा लावलेल्या साच्यात ओतला की गाठी तयार होते. म्हणजे ती जवळपास निव्वळ साखरच. १०० ग्रॅममध्ये सुमारे ४०० कॅलरी. प्रथिने आणि लोह नगण्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सल्ल्यानुसार प्रौढाने दिवसाला अशी साखर साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवणे उत्तम.

रंगाकडेही लक्ष द्या. कापड रंगवण्याचा रोडामाइन-बी हा रंग आढळल्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने ‘बुढ्ढी के बाल’वर बंदी घातली. प्रत्येक रंगीत गाठीत तो असतोच असे नाही. पण डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून पांढरी गाठीच घ्या.

गाठी ‘थंड’ म्हणून तिचे पाणी देतात. मात्र घामातून, जुलाबातून मीठही जाते. अशा वेळी ओआरएसच द्या.

दोन वर्षांखालील बाळाची पहिली होळी असेल, तर माळ फोटोपुरती घाला आणि लगेच काढा. साखर त्याला नकोच. तुटलेला तुकडा घशात अडकू शकतो.