पाटील म्हणजे कोण?

आमच्या बेळगाव-चिकोडीकडे नुसतं ‘पाटील’ म्हटलं तर धर्म कळत नाही. पाटील मराठा असतात, लिंगायत असतात आणि आम्ही जैनही असतो. चौगुले, मगदूम यांचंही तसंच. म्हणून नवी ओळख झाली की आपल्या बाया सरळ विचारून घेतात. विचारल्याशिवाय कळत नाही, एवढं साधं शहाणपण त्यात आहे.

समाजाचा अभ्यास करणाऱ्या काही नव्या विद्वानांना मात्र विचारायची गरज वाटेनाशी झाली आहे. मतदारयादीत नाव, वय, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. धर्माचा रकाना नसतो. मग धर्म आधीच माहीत असलेली हजारो नावं कॉम्प्युटरला दाखवायची, अक्षरांच्या जुळणीवरून त्याला ‘शिकवायचं’ आणि पुढच्या लाखो लोकांचा धर्म त्याच्याकडून ठरवून घ्यायचा. याला म्हणतात मशीन लर्निंग.

हे सगळंच वाईट, असं मी म्हणत नाही. लाखो नावं माणसानं वाचून होणार नाहीत, आणि कुणावर अन्याय होतोय हे दाखवायला असा हिशेब कामीही येतो. माझं भांडण अंदाजाला माहिती म्हणण्याशी आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांचंच घ्या. १८८७ साली कुंभोजला जैन घरात जन्म, १९१९ साली रयत शिक्षण संस्था. नुसत्या ‘भाऊराव पाटील’ या नावावरून यंत्राला त्यांचा धर्म कसा कळावा? ‘जैन’ असंच आडनाव लावणारा शहरातला व्यापारी त्याला लगेच सापडेल. शेतात राबणारा आपला पाटील निसटेल. मग निष्कर्ष तयारच, जैन म्हणजे पैसेवाले!

यावर उत्तर मिळतं, यंत्र बहुतेक वेळा बरोबर असतं. अहो, २०११च्या जनगणनेत आपण साधारण ४४.५ लाख, म्हणजे देशात हजारी चारसुद्धा नाही. एखाद्या यंत्रानं कुणालाच कधी जैन म्हटलं नाही, तरी ते हजारात ९९६ वेळा बरोबर ठरेल! लहान समाज अख्खा पुसला तरी गुण पैकीच्या पैकी.

आणि बायकांचं तर विचारूच नका. लग्नानंतर आडनाव बदललं की माहेरचा धर्म यादीतून गेला. ती आज काय पाळते, हे नावात कुठं लिहिलंय?

उलट विचारलं की काय हाती लागतं पाहा. २०१९ साली सरकारनं वेळेच्या वापराची पाहणी केली. घरोघरी जाऊन अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब विचारला. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोज २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७, हे तेव्हा आकड्यात आलं. ‘काही करत नाही, घरीच असते’ म्हणणाऱ्या बाईचे पाच तास कुठलं आडनाव सांगणार होतं?

आपल्या अनेकांतात एका बाजूनं पाहिलेलं पूर्ण सत्य नसतं. इथं तर पाहिलंही नाही, नुसतं ताडलं.

म्हणून मैत्रिणींनो, दारात कुणी माहिती विचारायला आलं तर ‘यांना विचारा’ म्हणून आत वळू नका. रकान्यात काय लिहिलं ते वाचून घ्या. आणि आपल्यावर निबंध लिहिणाऱ्यांना एवढंच विचारा, तुमच्या यंत्रानं आमच्यातले किती पाटील गमावले? तो आकडा निबंधात नसेल, तर त्यातला ‘जैन समाज’ आपला नव्हे.