दुसरी सही कोणाची?

बँकेत मी ३१ वर्षे काढली. साधे व्हाउचर असले तरी एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, हा तिथला शिरस्ता. लिहिणारा अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. माणूस चुकतो म्हणून.

गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावाला न्यूमोनिया झाला. अप्पा ८१ वर्षांचे. आठवड्याने घरी आले ते डिस्चार्ज कार्ड आणि ९ औषधांची पिशवी घेऊन. वहिनींनी नव्या गोळ्या घड्याळ लावून सुरू केल्या आणि डब्यातल्या जुन्याही चालू ठेवल्या. "त्या बंद करा असं कुणी सांगितलंच नाही, भावोजी," हे त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. दहा-बारा दिवसांत अप्पांचे घोटे सुजले, उठताना तोल जाऊ लागला. आम्ही सगळ्यांनी वयाला बोल लावला.

चूक पकडली ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्ट मुलीने. मी नेलेल्या दोन पट्ट्या शेजारी ठेवून तिने विचारले, "काका, आजोबा दोन्ही घेतात?" नावे वेगळी, कंपन्या वेगळ्या, बारीक अक्षरांत मात्र दोन्हींवर अ‍ॅम्लोडिपिन. रक्तदाबाचे एकच औषध दुप्पट जात होते! डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एक गोळी बंद केली आणि सूज उतरली. रुग्णालयातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. जुन्या गोळ्यांची नावे आम्हीच धड सांगितली नव्हती.

भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१५ च्या नियमांत रुग्णाला औषध समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम मानले आहे. पण त्याला पट्टी विकण्याचे पैसे मिळतात, विचारण्याचे नाहीत. (त्या मुलीने तर स्वतःच्या दुकानाची एक पट्टी कमी केली!) कित्येक दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि माणूस जागेवर नसतो. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२१ पासून रुग्णालय गरजू रुग्णाच्या बदललेल्या औषधांची माहिती थेट त्याच्या नेहमीच्या औषध दुकानाकडे पाठवते. तिथला फार्मासिस्ट जुनी-नवी यादी ताडून पाहतो, रुग्णाशी बोलतो, आणि या कामाचा मोबदला सरकारी आरोग्यसेवा देते.

आपल्याकडे निदान डिस्चार्ज कार्डावर 'बंद केलेली औषधे' असा रकाना सक्तीचा व्हावा आणि आठवड्याच्या आत रुग्णालयाच्या फार्मासिस्टने घरी एक फोन करावा. मोठ्या रुग्णालयांच्या बिलात त्याचा खर्च शोधूनही सापडणार नाही.

अप्पांच्या कार्डावर तो रकाना मीच लाल शाईने आखला. डॉक्टरांकडून भरून आणला आणि खाली त्या मुलीला सही करायला लावली. ती हसली, पण पुन्हा एकदा सगळे वाचून मगच तिने सही केली.