रिकामी अधिसभा आम्ही चालू देणार नाही

गोंडवाना विद्यापीठाचे कुलगुरू, कुलसचिव, मंत्रालयातला उच्च व तंत्रशिक्षण विभाग आणि सध्याच्या अधिसभेचे सन्माननीय सदस्य, या सर्वांना चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या पदवीधरांचा हा जाहीर इशारा आहे. 31 ऑगस्ट 2027 रोजी अधिसभेसह विद्यापीठाच्या सर्व प्राधिकरणांची मुदत संपते. त्या दिवसाच्या आत नवी अधिसभा निवडून आलेली असली पाहिजे. 'प्रक्रिया सुरू आहे', 'मार्गदर्शन मागवले आहे', 'यादीची छाननी बाकी आहे' ही उत्तरे आमच्या पाठ झाली आहेत. ती पुन्हा ऐकून घेतली जाणार नाहीत.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 हा 1 मार्च 2017 पासून लागू आहे. प्राधिकरणांची मुदत पाच वर्षांची, 1 सप्टेंबरपासून मोजलेली. सदस्य उशिरा निवडून आला म्हणून घड्याळ त्याच्यासाठी थांबत नाही. 2017 च्या निवडणुका राज्यभर रखडल्या, काही ठिकाणी 2018 उजाडले, तरी मुदत संपली ती 31 ऑगस्ट 2022 लाच. म्हणजे प्रशासन जितके दिवस उशीर करते, तितके दिवस मतदाराच्या पाच वर्षांतून कापले जातात. मतदाराचे हे नुकसान कोणीही भरून देत नाही.

मुंबई विद्यापीठात काय झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. तिथल्या अधिसभेची मुदत ऑगस्ट 2022 मध्ये संपली. ऑगस्ट 2023 मध्ये निवडणूक जाहीर झाली आणि काही दिवसांतच स्थगित झाली. पुढे 22 सप्टेंबर 2024 ही तारीख ठरली, ती मतदानाच्या तोंडावर पुन्हा रोखली गेली. अखेर उच्च न्यायालयाने खडसावले तेव्हा 24 सप्टेंबरला मतदान झाले. दोन वर्षांहून अधिक काळ देशातल्या एका मोठ्या विद्यापीठात पदवीधरांचा एकही निवडून आलेला प्रतिनिधी नव्हता. मुंबईकरांना न्यायालय हाकेच्या अंतरावर आहे, वर्तमानपत्रे आहेत, पक्षांच्या युवा आघाड्या आहेत. तरी त्यांना दोन वर्षे लागली. आमच्याकडे असा खेळ झाला तर त्याची बातमी ब्रह्मपुरीच्या पुढे जाणार नाही, हे आम्ही जाणून आहोत. म्हणून आम्ही मुदत संपण्याची वाट पाहत बसलेलो नाही.

अधिसभा काय करते, असे कोणी विचारेल. विद्यापीठाचा अर्थसंकल्प तिथे मंजूर होतो. लेखापरीक्षणाचा अहवाल तिच्यासमोर येतो. व्यवस्थापन परिषदेवर जाणारे काही सदस्य तिच्यातूनच निवडले जातात. परीक्षा शुल्क का वाढले, निकाल का रखडले, वसतिगृहाचे काम कुठे अडले हे भर सभेत विचारण्याचा अधिकार निवडून आलेल्या माणसालाच असतो. 2023 च्या सुरुवातीला अधिसभेत झालेल्या एका नामकरणाच्या ठरावावरून गडचिरोलीत किती संताप उसळला होता, ते आठवा. ठराव पटो न पटो, तो कोणी मांडला, कोणी पाठिंबा दिला, कोण गप्प बसले हे लोकांना कळले. अधिसभा रिकामी असेल तर असे निर्णय बंद खोलीत होतील आणि परिपत्रक निघाल्यावर आपल्याला समजतील.

हे विद्यापीठ आम्ही भांडून मिळवले आहे. नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन 2011 मध्ये ते गडचिरोलीत उभे राहिले, ते सिरोंच्याच्या मुलाला गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठी नागपूर गाठावे लागू नये म्हणून. आज हेच विद्यापीठ ग्रामसभांना कारभाराचे प्रशिक्षण देते. चांगली गोष्ट आहे. पण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने एकमताने निर्णय घेण्याची रीत देशाला दाखवली, त्या जिल्ह्यातल्या विद्यापीठाला स्वतःची निवडणूक वेळेवर घेता येत नसेल, तर शिकवायचे कोणी आणि शिकायचे कोणी?

आता मतदानाच्या दिवसाबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. ऑगस्टअखेर मुदत संपते म्हणून जुलै-ऑगस्टात मतदान ठेवाल, तर भामरागडच्या पदवीधराने यायचे कसे? पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो, हे दरवर्षी घडते आणि दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येते. सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरहून दूर आहे, खाली गोदावरी आणि प्राणहिता. एटापल्ली, कोरची, मुलचेरा आणि चंद्रपूरकडे जिवतीचा डोंगरपट्टा, सगळीकडे पावसाळ्यात हीच गत. 2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण 38 टक्क्यांहून अधिक आहे. पावसाळ्यातले मतदान आणि मोजकी केंद्रे म्हणजे नेमक्या याच मतदाराला दाराबाहेर ठेवणे. कोणी ते मुद्दाम करते असे आम्ही म्हणत नाही. पण परिणाम तोच होतो. म्हणून मतदान मे महिन्याच्या आत घ्या आणि प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी केंद्र द्या. विधानसभेच्या निवडणुकीत जंगलातल्या गावांसाठी कर्मचारी हेलिकॉप्टरने पोचवले जातात. आम्ही फक्त तालुक्यापर्यंत एक मतपेटी मागतो आहोत.

मतदारयादीचेही तेच. पदवीधर आपोआप मतदार होत नाही, त्याला नोंदणी करावी लागते. नोंदणीची जाहिरात कुठल्या तरी कोपऱ्यात येते, मुदत उलटते आणि गठ्ठ्याने अर्ज भरणारे तेवढे आत शिरतात. मुंबईसारख्या अवाढव्य विद्यापीठातही 2024 च्या यादीत पदवीधर मतदार होते साधारण 13 हजार. यादी जितकी छोटी, तितकी ती खिशात घालणे सोपे. पसंतीक्रमाच्या या मतदानात पाच जागांच्या खुल्या गटात वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून किंचित जास्त मते बांधली की एक जागा पक्की होते. हे गणित पॅनलवाल्यांना तोंडपाठ आहे. ते पदवीधरांनीही पाठ करावे. आणि मतपत्रिकेवर फुली मारू नये, आकडा लिहावा.

मुदतीच्या मर्यादेवर आमची भूमिका कोणाला कडू लागली तरी चालेल. कुलगुरूला एकच मुदत मिळते. मग अधिसभेत वर्षानुवर्षे तेच चेहरे कशासाठी? आज प्राचार्य म्हणून, उद्या संस्थाचालक म्हणून, परवा पदवीधर गटातून, आणि दार बंद झालेच तर पत्नीच्या किंवा पुतण्याच्या नावाने. कोणत्याही गटातून असो, कोणत्याही मंडळावर असो, सलग दोन मुदती पुरेत. तिसऱ्यांदा येणाऱ्या उमेदवाराला आम्ही मत देणार नाही आणि त्याचे नाव गावोगाव सांगू. प्रत्येक उमेदवाराने यापूर्वी भूषवलेल्या विद्यापीठातल्या सर्व पदांची यादी अर्जासोबत द्यावी आणि कुलसचिवांनी ती प्रसिद्ध करावी.

निवडणूक लांबली की काय होते, याला विद्यार्थी परिषदेचे उदाहरण आहे. तिच्या थेट निवडणुका 2016 च्या याच कायद्याने परत आणल्या. 2019 मध्ये तारखा ठरल्या, विधानसभा निवडणूक आली म्हणून पुढे ढकलल्या, मग कोरोना आला. पुढे ढकललेली निवडणूक कशी विसरली जाते, ते त्या मुलांना विचारा.

तर मुदत ऐका. 26 जानेवारी 2027 पर्यंत निवडणुकीचा संपूर्ण कार्यक्रम, तालुकानिहाय केंद्रांची यादी आणि मतदारयादीचा मसुदा विद्यापीठाने जाहीर करावा. तसे झाले नाही तर त्याच दिवशीच्या ग्रामसभांमध्ये विद्यापीठाविरुद्ध ठराव मांडले जातील आणि ते कुलपती म्हणजे राज्यपालांकडे रवाना होतील. फेब्रुवारीत नागपूर खंडपीठात याचिका दाखल होईल. मार्चमध्ये अर्थसंकल्पाची अधिसभा भरेल तेव्हा आम्ही विद्यापीठाच्या फाटकासमोर बसलेले असू, आणि मतदानाची तारीख हातात पडल्याशिवाय उठणार नाही. यातले प्रत्येक पाऊल कायद्यातले आहे, शांततेचे आहे आणि टाळणे पूर्णपणे प्रशासनाच्या हातात आहे.

आणि पदवीधरांनो, नोंदणी सुरू होईल त्या दिवशी अर्ज भरा, पोच घ्या, पावती जपून ठेवा. ज्याचे नाव यादीत नाही, त्याच्या संतापाला मतदानाच्या दिवशी कोणी विचारणार नाही.