रंधावांची गुलाबबाग

शेवाळावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवलेला सनदी अधिकारी आज कुणी शोधून दाखवावा. मोहिंदरसिंग रंधावा तसे होते. फाळणीच्या धामधुमीत ते दिल्लीचे डेप्युटी कमिशनर, नंतर पंजाबात निर्वासितांच्या पुनर्वसनाचे प्रमुख, मधल्या वेळात कांगडा शैलीच्या चित्रांवर ग्रंथ. आणि हे सगळं सांभाळून चंडीगडच्या कोणत्या रस्त्यावर कोणतं झाड शोभेल, याचीही काळजी वाहायचे. नोव्हेंबर १९६६ मध्ये पंजाबची पुनर्रचना झाली, चंडीगड केंद्रशासित झालं आणि रंधावा तिथले पहिले मुख्य आयुक्त झाले. पुढच्याच वर्षी सेक्टर १६ मध्ये सुमारे ३० एकरांवर गुलाब लागले.

जागा मोठी हुशारीने निवडलेली. चंडीगडमधून एक पावसाळी ओढा जातो. ल कॉर्बुझिएच्या आराखड्यात तो बुजवला नाही. त्याच्या काठाने शहरभर लांबत जाणारा हिरवा पट्टा राखला, त्याला लेझर व्हॅली म्हणतात. गुलाबबाग त्याच पट्ट्यात. शेजारी सेक्टर १७ चा करड्या काँक्रीटचा बाजार. तिथून इकडे वळलं की काटकोनांच्या त्या शहरात पहिल्यांदा डोळे निवतात.

बागेला नाव दिलं डॉ. झाकिर हुसेन यांचं. ते १९६७ सालीच राष्ट्रपती झाले होते. पदावरच्या माणसाचं नाव बागेला, रस्त्याला देण्याची आपली खोड मला एरवी आवडत नाही. पण या राष्ट्रपतींना गुलाबांचं खरोखर वेड होतं, म्हणून इथे तक्रार नाही. दोन वर्षांनी, ३ मे १९६९ रोजी, पदावर असतानाच ते गेले. बागेच्या नावामागे नेहमी ‘आशियातील सर्वांत मोठी’ ही शेपटी जोडतात. ती सोडून द्यावी. ३० एकर गुलाबांना असल्या बिरुदाची गरज नाही.

फेब्रुवारीत तिथे वाफ्यांमागून वाफे फुललेले असतात आणि माणसं एकेका फुलावर वाकून वास घेत असतात. बहुतेकांची निराशा होते. आजच्या गुलाबांची पैदास करताना आकार, रंग आणि फुलाचा टिकाऊपणा बघितला गेला. या सौद्यात सुगंध बराचसा मागे पडला. तरी गडद लाल फुलांपाशी थांबून बघावं, तेही सकाळी. ऊन चढलं की उरलासुरला वासही उडतो. आपल्या गुलकंदाच्या गुलाबाची सर मात्र या देखण्या मंडळींपैकी फार थोड्यांना आहे. बागेत बेल, हिरडा, बेहडा अशी औषधी झाडंही आहेत. गुलाब सावली देत नाही, ती उणीव ती भरून काढतात.

या गुलाबवेडात रंधावा एकटे नव्हते. तांबेऱ्याला दाद न देणारा एनपी ८०९ हा गहू ज्यांच्या संशोधनातून आला, ते बी. पी. पाल हे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. गव्हातून वेळ काढून त्यांनी गुलाबाच्या कितीतरी नव्या जाती तयार केल्या. त्यांतल्या एका पांढऱ्या गुलाबाचं नाव डॉ. होमी भाभा. भाभा १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात गेले, गुलाब दोन वर्षांनी आला. मुंबईत आपल्या संस्थांच्या इमारतींइतकंच लक्ष त्यांभोवतीच्या झाडांकडे देणाऱ्या माणसाचं यापेक्षा चांगलं स्मारक मला सुचत नाही.

बागेची खरी परीक्षा ऑक्टोबरात असते. तेव्हा छाटणी होते आणि सगळीकडे नुसती काटेरी खोडकं दिसतात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर कात्री चालवायची, म्हणजे नवी फूट बाहेर पसरते आणि झाडाच्या पोटात हवा खेळते. डोळा भरलेल्या गुलाबाचा खुंट रानटी असतो. त्यालाही खालून जोमदार फुटवे येतात. ते वेळीच काढले नाहीत, तर वरची नाजूक जात उपाशी मरते आणि काही वर्षांत वाफ्यात फक्त खुंटाची झुडपं उरतात. नावाची पाटी मात्र तशीच. आपल्याकडच्या अनेक सार्वजनिक उद्यानांत हेच झालंय. कोनशिलेसाठी मंत्री मिळतात, कात्रीसाठी शिकलेला माळी मिळत नाही. चंडीगडची बाग अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकली, यात रंधावांच्या दूरदृष्टीइतकाच वाटा दर ऑक्टोबरात कात्री घेऊन उतरणाऱ्या माळ्यांचा आहे.

जायचं असेल तर फेब्रुवारीच्या उत्तरार्धात जा. याच सुमारास तिथे गुलाबांचा वार्षिक उत्सव भरतो. गर्दी आणि लाउडस्पीकर सोसत नसतील त्यांनी तो होण्याआधीची एखादी सकाळ गाठावी. एप्रिलपर्यंत थांबू नका, पंजाबचं ऊन पाकळ्यांची गय करत नाही.