संगणक भंगारात काढण्याआधी

संगणक मंदावला की ‘नवाच घ्या’ हा सल्ला ठरलेला. वैनगंगेकाठच्या कारध्यासारख्या गावात शिकत्या मुलांच्या घराला तो परवडत नाही. आधी टास्क मॅनेजर उघडा. मेमरी सतत भरलेली दिसली, तर रॅम वाढवून भागू शकते. मात्र खरेदीपूर्वी मदरबोर्डचा मॉडेल क्रमांक पाहून रॅमचा प्रकार आणि कमाल मर्यादा तपासा. डीडीआर-३ला २४० पिना, डीडीआर-४ला २८८. खाचही वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका. ३२-बिट विंडोज ४ जीबीपुढची रॅम वापरतच नाही. बसवताना वीजपुरवठा तोडा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. एवढी दक्षता घेतली, तर नव्या संगणकाचा खर्च टळेल आणि ई-कचराही.